पिंपावरची टकटक, कागदाची नळी आणि बोटावरचा चिमटा

मागच्या महिन्यात साठीचे एक काका मुलाबरोबर दवाखान्यात आले. मुलाने हातातली प्लास्टिकची पिशवी टेबलावर रिकामी केली. दोन एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, ईसीजी, टूडी इको. शेवटी खिशातून बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही काढून ठेवला.

"काय होतंय काका?" मी विचारले.

उत्तर मुलाने दिले. "डॉक्टर, सगळं रिपोर्टमध्ये आहे. सगळं नॉर्मल आहे म्हणतात, पण यांना बरं वाटत नाही. आता सीटी स्कॅन करायचा का, एवढंच सांगा."

मी कागद बाजूला सरकवले. "काका, सकाळी देवळात जाता का?"

"जायचो. आता नाही जात."

"का बरं?"

"चढ आहे ना. वाटेत दोनदा थांबावं लागतं. लोक बघतात."

"कधीपासून?"

काकांनी एकदा मुलाकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, "गेल्याच्या गेल्या दिवाळीपासून."

मुलगा गप्प झाला. त्याला हे माहीत नव्हते. टेबलावरच्या एकाही कागदावर ते लिहिलेले नव्हते.

फुफ्फुसाच्या रुग्णाला तपासताना डॉक्टर असले 'गप्पा मारल्यासारखे' प्रश्न का विचारतात? पाठीवर बोटे का आपटतात? 'एक-दोन-तीन म्हणा' का सांगतात? नळीत जोरात फुंकायला का लावतात? या प्रत्येक गोष्टीमागे एक माणूस आणि एक अडचण आहे. आज तुम्हाला तो इतिहास सांगणार आहे. तो कळला, की पुढच्या वेळी दवाखान्यात काय सांगायचे आणि काय लपवायचे नाही, हे तुमचे तुम्हालाच कळेल.

आधी होते फक्त डोळे, कान आणि प्रश्न

हजारो वर्षे वैद्याकडे कुठलेही यंत्र नव्हते. पण म्हणून त्याला काही कळत नव्हते असे नाही.

आपल्या चरकसंहितेत श्वासाच्या विकारांचे पाच प्रकार दिले आहेत. त्यातल्या 'तमक श्वास' या प्रकाराचे वर्णन आजही वाचण्यासारखे आहे. रुग्णाला आडवे झाले की त्रास वाढतो, उठून बसले की बरे वाटते. आभाळ भरून आले, पाऊस पडला, गार वारा सुटला की त्रास बळावतो. कफ सुटला की थोडा वेळ आराम पडतो. दम्याच्या कुठल्याही रुग्णाला हे दाखवा, तो म्हणेल, "अहो, हे तर माझंच लिहिलंय!" हे लिहिणाऱ्याने फुफ्फुसाचा फोटो पाहिला नव्हता. त्याने रुग्णाकडे नीट पाहिले होते आणि त्याला विचारले होते.

तिकडे ग्रीसमध्ये हिपोक्रेटसच्या परंपरेतले वैद्य रुग्णाच्या छातीला थेट कान लावत. छातीत पू किंवा पाणी झाल्याची शंका आली, तर रुग्णाचे खांदे धरून त्याला हलवत आणि आत डुचमळल्याचा आवाज येतो का ते ऐकत. अर्धा भरलेला नारळ आपण कानाशी धरून हलवतो, तसेच. छातीत पाणी आणि हवा दोन्ही साठली, तर असा आवाज खरोखरच येतो.

पण छाती ही बंद पेटी होती. आत नेमके काय बिघडले आहे, हे बहुतेक वेळा रुग्ण गेल्यावर शवविच्छेदनातच कळायचे. जिवंतपणी ते कसे कळावे, ही खरी अडचण होती.

खानावळवाल्याचा मुलगा

या पेटीवर पहिली टिचकी मारली ती लिओपोल्ड आउएनब्रुगर या ऑस्ट्रियन डॉक्टरने. त्याचा जन्म १७२२ साली ग्राझ शहरात झाला. वडिलांची खानावळ होती. दारूच्या पिंपात माल किती उरला हे बघायला पिंपावर बाहेरून टकटक करतात, हे त्याने लहानपणी पाहिले असणार, असे नेहमी सांगितले जाते. पिंप रिकामे असेल तिथे पोकळ आवाज येतो, भरलेले असेल तिथे बद्द.

आपल्याकडे वेगळे काय आहे? माठ घेताना आजी टिचकी मारून बघायची. कलिंगड घेताना आपण आजही थाप मारतो.

व्हिएन्नाच्या स्पॅनिश हॉस्पिटलमध्ये काम करताना आउएनब्रुगरने रुग्णांच्या छातीवर बोटांनी ठोकून पाहायला सुरुवात केली. निरोगी छातीचा आवाज कापडाने झाकलेल्या ढोलासारखा येतो, असे त्याच्या लक्षात आले. जिथे पाणी साठले आहे किंवा फुफ्फुस घट्ट झाले आहे, तिथे मांडीवर थाप मारल्यासारखा बद्द आवाज येतो. खात्री करण्यासाठी त्याने मृतदेहांच्या छातीत द्रव भरला आणि बाहेरून ठोकून त्याची पातळी ओळखता येते हे ताडून पाहिले. सात वर्षांच्या कामानंतर १७६१ मध्ये त्याने एक छोटे लॅटिन पुस्तक छापले.

त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. रुग्णाच्या अंगाला हात लावून, ठोकून वगैरे तपासणे हे त्या काळच्या प्रतिष्ठित डॉक्टरांना आपले काम वाटत नव्हते. ते नाडी बघत, लघवी बघत आणि सल्ला देत.

पुढे नेपोलियनचे डॉक्टर झाँ-निकोला कोर्व्हिसार यांच्या हाती ते पुस्तक पडले. त्यांनी ही पद्धत स्वतः वापरून पाहिली, विद्यार्थ्यांना शिकवली आणि १८०८ मध्ये पुस्तकाचे फ्रेंच भाषांतर स्वतःच्या टिपणांसह छापले. हा शोध स्वतःच्या नावावर खपवणे त्यांना सहज जमले असते. त्यांनी ते केले नाही, मूळ लेखकाचे नाव पुढे आणले. आउएनब्रुगर १८०९ मध्ये वारला. म्हणजे शोधाचे चीज व्हायला जवळजवळ आयुष्य गेले.

मी तुमच्या पाठीवर एक बोट टेकवून दुसऱ्या हाताच्या बोटाने ठोकतो, ते हेच. छातीत पाणी झाले असेल, तर एक्स-रे येण्याआधीच त्याचा अंदाज येतो.

संकोचातून निघालेली नळी

कोर्व्हिसार यांच्या विद्यार्थ्यांमध्ये एक किडकिडीत, स्वतःच नेहमी आजारी असणारा मुलगा होता. रेने लेनेक. तो बासरी वाजवायचा आणि लाकूडकामही त्याला छान जमायचे. या दोन्ही गोष्टी पुढे उपयोगी पडल्या.

१८१६ मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयात त्याच्यासमोर हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुणी आली. अंगाने स्थूल असल्यामुळे ठोकून काही कळेना. छातीला थेट कान लावावा, तर तिचे वय आणि स्त्री असणे आड आले. तेव्हा त्याला ध्वनिशास्त्रातली एक साधी गोष्ट आठवली. लाकडाच्या एका टोकाला टाचणीने खरवडले, तर दुसऱ्या टोकाला कान लावून ते स्पष्ट ऐकू येते. त्याने एक वही घेतली, तिची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर टेकवले आणि दुसऱ्याला कान लावला. नुसत्या कानाने ऐकू यायचे, त्यापेक्षा हृदयाचे ठोके अधिक स्पष्ट ऐकू आले.

मग त्याने लेथवर लाकडाच्या नळ्या करून पाहिल्या. या वस्तूला नाव मिळाले स्टेथोस्कोप, म्हणजे 'छाती पाहणारा'. गंमत बघा, हे यंत्र ऐकते, पण नाव पाहण्याचे आहे. लेनेकला खरोखर पाहायचेच होते. जिवंत रुग्णाच्या छातीत ऐकलेला आवाज तो टिपून ठेवी आणि रुग्ण दगावला, तर शवविच्छेदनात आत काय दिसते ते त्या आवाजाशी जुळवी. असे शेकडो रुग्णांचे निरीक्षण करून १८१९ मध्ये त्याने दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

आम्ही आजही जे शब्द वापरतो, त्यातले बरेच त्याचे आहेत. दम्यात अरुंद झालेल्या नळ्यांतून येणारा शिट्टीसारखा आवाज, न्यूमोनियात येणारा बारीक चरचर आवाज. हा दुसरा आवाज कसा असतो, ते घरी बघायचे असेल, तर कानाजवळची केसांची बट दोन बोटांत धरून चोळा. 'एक-दोन-तीन म्हणा' हेही त्याच परंपरेतले. निरोगी फुफ्फुस हवेने भरलेल्या स्पंजासारखे असते, त्यातून तुमचा आवाज अस्पष्ट येतो. फुफ्फुसाचा तेवढा भाग न्यूमोनियाने घट्ट झाला असेल, तर तोच आवाज स्पष्ट, मोठा येतो. छातीत पाणी झाले असेल, तर पाण्याच्या वरच्या कडेशी बकरी बें बें करते तसा येतो. या आवाजाचे नावसुद्धा लेनेकने बकरीवरूनच ठेवले.

मला त्याची आणखी एक गोष्ट आवडते. छातीतल्या घरघरीसाठी त्याने वापरलेला फ्रेंच शब्द मरणाऱ्या माणसाच्या घशातल्या घरघरीसाठीही लोक वापरत. रुग्ण तो ऐकून घाबरत. म्हणून रुग्णासमोर बोलताना त्याने त्याच अर्थाचा लॅटिन शब्द योजला. दोनशे वर्षांपूर्वी हा माणूस आपल्या शब्दाने रुग्णाला काय वाटेल याचा विचार करत होता.

शेवट मात्र दुःखद आहे. क्षयरोगाचे आवाज जगाला शिकवणाऱ्या लेनेकला क्षयानेच गाठले. १८२६ मध्ये त्याने आपल्या डॉक्टर पुतण्याला स्वतःची छाती ऐकायला सांगितली. पुतण्याने जे ऐकले ते सांगितले. ते वर्णन लेनेकने इतरांच्या छातीत असंख्य वेळा ऐकले होते. त्याचा अर्थ त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. त्याच वर्षी, वयाच्या ४५ व्या वर्षी तो गेला.

फुंकर मोजणारा डॉक्टर

ठोकून आणि ऐकून आत काय झाले आहे ते कळू लागले. पण फुफ्फुस काम किती करते, हे कसे मोजायचे?

लंडनच्या जॉन हचिन्सन याने पाण्यात उलटे घातलेले भांडे घेतले. नळीतून फुंकले, की भांड्यात हवा शिरते आणि ते वर उचलले जाते. जितके वर, तितकी हवा. १८४६ मध्ये त्याने दोन हजारांहून अधिक माणसांच्या फुंकरीची मापे प्रसिद्ध केली. त्यात खलाशी होते, पोलीस होते, पहिलवान होते. उंची वाढली की फुफ्फुसाची क्षमताही ठरावीक प्रमाणात वाढते, हे त्याने दाखवले. म्हणून आजही फुंकायची तपासणी करण्याआधी तुमची उंची मोजतात. ते उगाच नव्हे.

पण या यंत्रात एक उणीव होती. ते एकूण हवा मोजायचे, वेग नाही. दोन बाटल्या घ्या, दोन्हीत एक लिटर पाणी. एकीचे तोंड रुंद, दुसरीचे अगदी अरुंद. दोन्ही उलट्या केल्या, तर पाणी दोन्हींतून तितकेच निघेल, पण दुसरीला वेळ लागेल. दमा आणि विडी-सिगारेटने होणारा सीओपीडी हे अरुंद तोंडाच्या बाटलीचे आजार आहेत. हवा आत जाते, पण बाहेर पडता पडत नाही. हे पकडण्यासाठी पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर येते, ते मोजायला हवे, हा विचार १९४७ मध्ये फ्रान्सच्या रोबेर टिफनो यांनी मांडला. म्हणजे हचिन्सननंतर शंभर वर्षांनी! १९५९ मध्ये इंग्लंडच्या मार्टिन राइट यांनी फुंकरीचा सर्वाधिक वेग मोजणारे छोटे यंत्र आणले. दम्याच्या रुग्णांना आम्ही घरी ठेवायला सांगतो, ते पीक फ्लो मीटर त्याचेच वंशज.

त्यामुळे तंत्रज्ञ ओरडून म्हणतो ना, "जोरात! अजून जोरात! सोडू नका!" तेव्हा त्याच्यावर रागावू नका. ही तपासणी यंत्राइतकीच तुमच्या प्रयत्नावर अवलंबून आहे. अर्धवट फुंकर मारली, तर रिपोर्टही अर्धवटच येणार.

फोटो आला आणि प्रश्न उरलाच

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. बंद पेटी अखेर उघडली. हवेने भरलेले फुफ्फुस काळे दिसते, न्यूमोनिया, क्षय, पाणी, गाठ पांढरी दिसते. क्षयरोग शोधण्यात एक्स-रेने किती मोठे काम केले, हे वेगळे सांगायला नको.

मग रुग्णाला प्रश्न विचारायची गरज संपली का? याचे उत्तर वेल्समधल्या कोळसा खाणींनी दिले.

खाणकामगारांच्या फुफ्फुसात कोळशाची धूळ साठून आजार होत असे. १९४५ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने कार्डिफजवळ त्यासाठी खास संशोधन केंद्र काढले. प्रमुख होते डॉ. चार्ल्स फ्लेचर. हेच फ्लेचर तरुणपणी ऑक्सफर्डमध्ये असताना त्यांनी पेनिसिलिनची अगदी सुरुवातीची इंजेक्शने रुग्णाला दिली होती. खाणकामगारांत त्यांच्यापुढे अडचण अशी, की फोटो आणि त्रास यांचा मेळ प्रत्येक वेळी बसत नसे. एखाद्याचा एक्स-रे खराब, पण तो चालायचा ठीक. दुसऱ्याचा एक्स-रे बरा, पण त्याला घराबाहेर पडवत नसे. मग त्रास मोजायचा कशाने?

फ्लेचर यांनी त्यासाठी यंत्र केले नाही. प्रश्न तयार केले. अगदी साधे, पण प्रत्येकाला त्याच शब्दांत, त्याच क्रमाने विचारायचे. त्यांचे सुधारलेले रूप आज जगभर वापरतात. तुम्हीच तुमची पायरी ओळखा:

० – फक्त खूप श्रम केले तरच दम लागतो.
१ – सपाटीवर घाईने चालताना किंवा थोडा चढ चढताना दम लागतो.
२ – दम लागतो म्हणून सपाटीवर बरोबरीच्या वयाच्या लोकांपेक्षा हळू चालावे लागते, किंवा स्वतःच्या चालीने चालतानाही थांबावे लागते.
३ – सपाटीवर साधारण शंभर मीटर किंवा काही मिनिटे चालले, की थांबावे लागते.
४ – दम लागतो म्हणून घराबाहेर पडता येत नाही, किंवा कपडे घालता-काढतानाही दम लागतो.

काकांना देवळाच्या चढाबद्दल का विचारले, ते आता लक्षात आले असेल. माझ्या दृष्टीने तो प्रश्न हीसुद्धा एक तपासणीच होती.

गडचिरोलीचे मणी

आता लहान मुलांकडे येऊ, कारण त्यांना 'दम लागतो का' असे विचारता येत नाही. आणि जिथे ना एक्स-रे ना डॉक्टर, तिथे न्यूमोनिया ओळखायचा कसा?

१९८० च्या दशकात पापुआ न्यू गिनीत काम करणाऱ्या फ्रँक शान यांनी दाखवले, की खोकला झालेल्या मुलाचा श्वास मिनिटाला किती वेळा होतो आणि श्वास घेताना छाती आत ओढली जाते का, एवढ्यावरून न्यूमोनियाचा बराच चांगला अंदाज येतो. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने हीच पद्धत स्वीकारली. आजचे आकडे लक्षात ठेवा. दोन महिन्यांच्या आतले बाळ: मिनिटाला ६० किंवा अधिक. दोन महिने ते एक वर्ष: ५० किंवा अधिक. एक ते पाच वर्षे: ४० किंवा अधिक. खोकला असलेल्या मुलाचा श्वास एवढा जलद असेल, तर ते न्यूमोनियाचे लक्षण समजून लगेच डॉक्टरांकडे न्यायचे.

ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रात कसाला लागली. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' संस्थेमार्फत गावातल्याच आरोग्यसेवकांना आणि दायांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि साधे प्रतिजैविक औषध द्यायला शिकवले. काहींना साठपर्यंत मोजणेही अवघड होते. म्हणून मण्यांचे आणि मिनिटभराच्या वाळूच्या घड्याळाचे एक साधन केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोहोचलात, तर न्यूमोनिया.

१९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या कामाचा अहवाल छापून आला. जिथे हे काम झाले, त्या गावांत पाच वर्षांखालील हजार मुलांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू ८.१ होते. शेजारच्या, हे काम न झालेल्या गावांत १७.५. म्हणजे निम्म्याहून कमी. वीज नाही, बॅटरी नाही, मूळ तपासणी एकच: मिनिटभर बाळाच्या पोटाकडे नीट बघणे.

बोटावरचा चिमटा आणि माझी चूक

आता तुमच्या घरातल्या ऑक्सिमीटरकडे वळू. तो जपानच्या ताकुओ आओयागी या अभियंत्याच्या डोक्यातून निघाला. रक्तातल्या रंगद्रव्याचे मोजमाप प्रकाशाने करताना नाडीच्या ठोक्यांमुळे आकडे वरखाली होत आणि ती त्याची डोकेदुखी होती. ती घालवायच्या खटपटीत त्याच्या लक्षात आले, की धडधडणारे रक्त म्हणजे धमनीतले, ऑक्सिजन वाहून नेणारे रक्त. मग जे टाळायचे, तेच मोजले तर? १९७४ मध्ये त्याने ही कल्पना मांडली. पुढच्या दशकात ती ऑपरेशन थिएटरमध्ये रुळली आणि भूल देणे कितीतरी सुरक्षित झाले. आओयागी १८ एप्रिल २०२० रोजी वारले, नेमके त्या वेळी, जेव्हा सगळे जग आपापले बोट त्या चिमट्यात घालत होते.

या चिमट्याने कोविडमध्ये अनेकांचे प्राण वाचवले. दिसायला ठीकठाक, पण ऑक्सिजन घसरलेले रुग्ण त्याने वेळीच पकडून दिले. पण माझ्याकडून त्याच्याच भरवशावर एक चूकही झाली.

एप्रिल २०२१. रात्री उशिरा एका रुग्णाच्या मुलीचा फोन आला. "डॉक्टर, ऑक्सिजन ९५ आहे." दिवसभरात शेकडो फोन झाले होते. मी म्हणालो, "ठीक आहे, सकाळी परत बघा." पहाटे पुन्हा फोन. बाबांना एक वाक्य सलग बोलता येत नव्हते. ते अठरा दिवस रुग्णालयात होते. घरी परत आले, हे आमचे नशीब. नंतर मी मुलीला विचारले, "त्या रात्री ते कसे श्वास घेत होते?" ती म्हणाली, "खूप भरभर. पण तुम्ही विचारलं नाहीत आणि आकडा चांगला होता, म्हणून मीही बोलले नाही."

आकडा खोटा नव्हता. ९५ टिकवण्यासाठी त्यांचे शरीर जिवाच्या आकांताने श्वास घेत होते, ते चिमट्याला दिसत नाही. शिवाय नेलपॉलिश किंवा गार पडलेली बोटे यांनी आकडा चुकू शकतो. गडद त्वचेच्या रुग्णांत तो खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, हे २०२० मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासातून ठळकपणे पुढे आले. बंद खोलीतली शेगडी किंवा गॅस गीझर यांच्या विषारी धुराने माणूस गुदमरला असेल, तरी हा चिमटा फसवा 'नॉर्मल' आकडा दाखवतो.

त्या रात्रीपासून माझा फोनवरचा पहिला प्रश्न बदलला. "ऑक्सिजन किती?" हा आता दुसरा प्रश्न. पहिला: "मिनिटाला श्वास किती? आणि एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येतंय का?"

तुमच्यासाठी

या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. प्रत्येक यंत्र कुठल्यातरी एका प्रश्नाचे उत्तर म्हणून आले, आणि ते तेवढ्याच प्रश्नाचे उत्तर देते. एक्स-रे आकार दाखवतो, फुंकरीची तपासणी काम दाखवते, चिमटा ऑक्सिजन दाखवतो. यातले कोणते यंत्र वापरायचे, हे तुमच्या बोलण्यावरून ठरते. म्हणून डॉक्टरांकडे जाण्याआधी एवढी तयारी ठेवा:

१. तुमची पायरी (० ते ४) कोणती आणि सहा महिन्यांपूर्वी ती कोणती होती.
२. खोकला किती दिवस आहे. दोन आठवड्यांहून अधिक असेल, तर क्षयरोगासाठी बेडक्याची तपासणी आवश्यक. बेडक्यात रक्त, ताप, घटलेले वजन हे आवर्जून सांगा.
३. विडी, सिगारेट किती वर्षे. "सोडली" म्हणताना कधी सोडली तेही सांगा. "परवा" हे उत्तर मी बरेचदा ऐकले आहे. हसू येते, पण औषध त्या उत्तरावर ठरते.
४. चुलीचा धूर, पिठाची गिरणी, सूतगिरणी, दगडखाण, सुतारकाम, गॅलरीतली कबुतरे. हे कोणत्याही रिपोर्टमध्ये येत नाही.
५. झोपल्यावर त्रास वाढतो की कमी होतो. रात्री-पहाटे जाग येते का.

आणि घरात एकाने तरी श्वास मोजायला शिका. रुग्ण शांत बसलेला असताना, घड्याळ लावून, पूर्ण एक मिनिट. त्याला सांगू नका, कारण कळले की श्वासाची लय बदलते. माझे एक गुपित सांगतो. मी तुमचे मनगट धरून गप्प उभा असतो, तेव्हा निम्मा वेळ मी नाडी नव्हे, श्वास मोजत असतो. मोठ्या माणसात तो १२ ते २० असतो. विश्रांतीतही २५ च्या वर राहिला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. ३० झाला, वाक्य तुटू लागले, ओठ निळसर दिसले किंवा रुग्ण गुंगीत गेला, तर आकड्यांची वाट न बघता थेट रुग्णालय.

काकांचे पुढे काय झाले? फुंकरीच्या तपासणीत श्वासनळ्या बऱ्याच अरुंद झालेल्या निघाल्या. एक्स-रे खरेच नॉर्मल होता, सीओपीडीत सुरुवातीला तो बहुधा तसाच असतो. सीटी स्कॅनची गरज पडली नाही. विडी थांबली, या वेळी खरोखर. ओढायचा पंप सुरू केला, तो नीट कसा घ्यायचा हे तीनदा समजावले. परवा ते तपासायला आले, तेव्हा मी काही विचारायच्या आत म्हणाले, "डॉक्टर, आता वाटेत एकदाच थांबतो."

मी ते केसपेपरवर सगळ्यात वर लिहिले.